रुपया कशात पाठवायचा?

१५ फेब्रुवारी १९८७, रविवार

आज बेळगावला कॅम्पातल्या एका हॉलमध्ये जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं. अण्णाला घेऊन गेले होते. खरं म्हणजे आठवडाभर मागे लागून त्यानेच मला निपाणीहून ओढत नेलं. लोकांना मात्र वाटतं, बहीण बिचारी आंधळ्या भावाला हाताला धरून फिरवते. वाटू दे.

तिथे मुंबईचे एक नाण्यांचे जाणकार बसले होते. व्यापारीही तेच आणि परीक्षकही तेच. अण्णाने खिशातून आईचा राणीछाप रुपया काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी भिंगातून एकदा पाहिलं आणि म्हणाले, "ओतीव आहे. साच्यातला. सन १९००चा रुपया इतका कोरा कुठे असतो हो?" मग त्यांनी अण्णाचं नाव विचारलं. अण्णाने आडनावासकट सांगितलं. ते पुन्हा रुपयाकडे बघून म्हणाले, "आणि तुमच्याकडे आला कुठून?"

रुपयाबद्दल शंका असती तर मी ऐकून घेतलं असतं. ही शंका रुपयाबद्दल नव्हती.

येताना गाडीत मी नुसती धुमसत होते. अण्णा हसत होता. म्हणाला, "त्येचं काय चुकलं गं? त्येला डोळं हायत, त्यो डोळ्यानंच बघणार."

मला हसू आलं नाही. हा माणूस वीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर बसला आणि खोटी नोट किंवा खोटं नाणं एकदाही त्याच्या हातून सुटलं नाही. काचबिंदूने डोळे नेले, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडावी लागली, तरी आजही वहिनीने बाजारातून आणलेली मोड तो चिमटीत धरतो आणि कुठलं नाणं कुठल्या सालचं ते सांगतो. त्याला ओतीव आणि छापील कळत नाही म्हणे!

रुपयाची गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण उद्या कोणी विचारलं तर तोंडी सांगताना माझा आवाज चढतो. पूर्वी बांधकामाच्या पायात चांदीचा रुपया घालायची रीत होती. निपाणीत तंबाखूची एक जुनी वखार पाडली तेव्हा आमची आई, लक्ष्मीबाई, तिथे दगड वाहायला होती. पायाच्या दगडाखाली लाखेने बंद केलेली डबी सापडली. आईने ती जशीच्या तशी मालकाच्या हातात दिली. मालकाने उघडून पाहिली आणि रुपया परत तिलाच दिला, म्हणाला, "शाळंत जाणारं पोरगं हाय न्हवं तुझं, त्येला दे." रुपया कोरा आहे कारण तो बाजारात कधी फिरलाच नाही. पायाखालून निघाला तो थेट अण्णाच्या हातात आला.

मी गणित शिकवते. सिद्ध करता येतं ते सिद्ध करून दाखवायचं, एवढंच मला कळतं.

८ मार्च

परशराम भेटला. माझा जुना विद्यार्थी, आता अमेरिकेत इंजिनियर. बहिणीच्या लग्नाला आलाय. त्याला रुपयाची हकीकत सांगितली तर म्हणाला, "बाई, तिकडं आता नाण्यांना मार्क देणाऱ्या कंपन्या निघाल्यात." नाणं पाठवायचं, तिथले तज्ज्ञ ते एकमेकांना न विचारता तपासतात, खरं की खोटं ते सांगतात, सत्तरपैकी मार्क देतात आणि कडक पारदर्शक डबीत नाणं कायमचं बंद करून परत पाठवतात. तिथे नाव-गाव-जात कोणी विचारत नाही. डबीवर फक्त नाणं आणि मार्क.

मला तर वाटलं, ही परीक्षा खास अण्णासाठीच काढली आहे.

घरी येऊन सांगितलं. अण्णाने विचारलं, "परत देत्यात न्हवं?" देतात म्हटलं. "मग बघ की. तुजं समाधान व्हईल."

अण्णाचं हे असंच. स्वतःला काही हवं असलं तरी दुसऱ्याच्या नावावर घालणार. मला शिकवलं तेव्हाही लोकांना सांगायचा, "पोरगीच ऐकंना, आमी काय करू?" मी त्या वेळी चुलीपाशी बसून रडत होते, मला शाळा नको होती.

वहिनी म्हणजे नागुवहिनी, अण्णाची बायको. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "हातात हाय त्यो बरा हाय की वन्सं."  वहिनी मनाने सोनं आहे, पण लांबचं बघायची सवय नाही.

परशराम डिसेंबरात पुन्हा येणार आहे. जाताना नेईल. शंभर वर्षं न झालेलं नाणं नेता येतं, हे मी चौकशी करून घेतलं आहे. तोवर पाठवायची तयारी करायची.

१८ मार्च

परशरामने नियमांचा कागद दिला. नाणं कशात घालून पाठवायचं याचंच त्यात पानभर पुराण आहे. अंगाला चिकटेल असं काही नको. टाचण्या नकोत. चिकटपट्टी नको. त्यांच्या टेबलावर चटकन बाहेर काढता आलं पाहिजे, पण वाटेत आत हलता कामा नये. आणि मुख्य म्हणजे नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही. हाताच्या घामाने चांदी डागाळते.

मी ताबडतोब शाळेसमोरच्या दुकानातून पांढरे सुती हातमोजे आणले, बँडवाले घालतात तसले. अण्णाला सांगितलं, यापुढे रुपया हातात घ्यायचा तर मोजे घालून, कडेनेच धरायचा.

"बरं," म्हणाला. मोजे चाचपून बघितले आणि उशाशी ठेवले. पंचवीस वर्षांची सवय एका शब्दावर सोडून दिली. मी चहा सोडू शकलेले नाही.

५ एप्रिल

खडे बाजारातून पासाच्या कव्हरांसारखी मऊ प्लास्टिकची छोटी पाकिटं आणली. काचेसारखी स्वच्छ दिसतात. रुपया आत घालून पाहिला तर असा उठून दिसला की मीच हरखले.

अण्णाने पाकीट नाकाला लावलं. मग दोन बोटांत चोळलं आणि बोटं एकमेकांपासून सोडवून बघितली.

"ह्येला वास लई हाय गं. आन् बोटाला धरतंय."

"नवीन आहे म्हणून."

"रुपाया काढ भाईर. आदी फुटकळ पैसं घालून बघ ह्यात. उन्हाळा जाऊ दे."

बरोबर आहे. एवढं साधं मला सुचायला हवं होतं. वर्गात मुलांना मी ओरडते, आधी छोटी संख्या घेऊन पडताळा बघा, मग मोठं गणित मांडा. जुने तांब्याचे पैसे आणि निकेलच्या चवल्या अण्णाच्या डब्यातून काढल्या, पाकिटात घातल्या आणि स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या फळीवर ठेवल्या. आजपासून प्रयोग सुरू.

३१ मे

प्लास्टिक नापास. वरच्या फळीवर उकाड्याने पाकिटांना आतून घाम आला आहे. तांब्याच्या पैशांवर हिरवट, चिकट बुळबुळ. पुसली तरी जात नाही.

अण्णाचं नाक नसतं तर आज रुपया हिरवा झाला असता. मी त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "आंधळ्याचं नाक म्हंजे गावचा कोतवाल." आणि हसला.

१४ जून

शाळा सुरू झाली. लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचे चौकोन कापले, मध्ये गोल खिडकी पाडली, दोन्हीकडून जिलेटिनचा पारदर्शक कागद लावला, मध्ये चवली ठेवून कडेने स्टेपलरच्या पिना मारल्या. दिसायला इतकं झोकदार झालं की शिक्षकांच्या खोलीत दाखवायला नेलं. सगळे म्हणाले, बाई, तुमच्या हाताला कला आहे.

घरी अण्णाने चवली बाहेर काढायला सांगितलं. पिन उचकटून काढली. त्याने अंगठ्याचं नख चवलीवरून फिरवलं आणि एका जागी थांबला.

"हितं वरखडा आलाय. पिन निघताना लागली."

मी भिंग घेऊन बघितलं. होता. केसाएवढा. शिक्षकांच्या खोलीतल्या डोळस माणसांपैकी एकालाही दिसला नसता. पिना नापास. नियमात लिहिलेलं असूनही मी मारल्या. स्वतःला शहाणं समजणाऱ्यांचं असंच होतं.

२ ऑगस्ट

सोनाराचा गुलाबी कागद रंग सोडतो, तो कधीच बाद केला. आता जाड पांढऱ्या कागदाची छोटी पाकिटं शिवली आहेत, डिंक न लावता, नुसती दोऱ्याने. अण्णाने पाकीट गालावर घासलं, कानाशी नेऊन चुरचुरवलं आणि म्हणाला, "ह्यो बरा हाय. पर दमट हवा पिणार कागद."

पाऊस चालूच आहे. भिंतींना ओल आहे. मी रुपया पाकिटात घातला, पाकीट पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि कागदाला कसर लागू नये म्हणून आत तंबाखूच्या काड्या घातल्या. आम्ही निपाणीची माणसं. लुगडी, पुस्तकं, लोकरीचे कपडे, सगळ्यांत काड्या घालतो. आमच्या ट्रंकेत कसर शिरत नाही. डबा कपाटात ठेवून किल्ली माझ्याकडे घेतली. उगाच कोणी हाताळायला नको.

अण्णाचे हातमोजे उशाशी तसेच आहेत, घडीसुद्धा मोडलेली नाही. म्हणजे रुपयाला तो हातच लावत नाही आता. याला म्हणतात निग्रह.

१३ सप्टेंबर



आज ऊन पडलं म्हणून डबा उघडला. आत कुबट वास. काड्यांनी ओल पिऊन ठेवलेली, कागदाची पाकिटं पिवळी पडलेली. पडताळ्यासाठी ठेवलेली चांदीची पावली काळी ठिक्कर. लुगड्याला चालतं ते चांदीला चालत नाही, हे आमच्या निपाणीत कोणाला कधी कळायची वेळच आली नसावी. आणि रुपयाचं पाकीट उघडलं तर रिकामं!

मी ओरडलेच. वहिनीवर धावून गेले, किल्ली कोणी घेतली म्हणून. वहिनीने नुसतं अण्णाकडे पाहिलं. अण्णा खाटेवरून म्हणाला, "तिला बोलू नगंस. रुपाया माज्याजवळ हाय." आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून काढला. झळझळीत. एक डाग नाही.

"कधी काढलास?"

"मागंच. म्हटलं, जरा वारा लागू दे त्येला."

 केवढी ही दूरदृष्टी! तंबाखूची ओल चांदीला बाधणार हे त्याने आधीच ओळखलं होतं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून काही बोलला नाही. मी एवढी शिकलेली, पण माझ्या हातून आज आईचा रुपया काळा झाला असता. वहिनीची माफी मागितली. ती म्हणाली, "रातचा घेऊन निजत्यात वन्सं, तुमाला सांगू नगं म्हनत हुते." बरोबरच आहे. त्याच्या अंगाजवळ कोरडं राहतं ना.

४ ऑक्टोबर

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

वहिनीचा हात मोडला होता तेव्हाचा एक्स-रे खिडकीच्या फुटक्या काचेला लावलेला आहे. कितीतरी उन्हाळे-पावसाळे त्याने खाल्ले. ना वाकला, ना चिकटला, ना पिवळा पडला. आज अण्णा खिडकीशी बसला होता, त्याची बोटं सहज त्याच्यावर फिरत होती. एकदम म्हणाला, "शेवंते, हे काय हाय?"

दवाखान्यात एक्स-रे काढणारा सत्याप्पा आमच्या ओळखीचा. त्याच्याकडून जुन्या फिल्मा मागून आणल्या. चांदी काढणारे लोक त्या घेऊन जातात म्हणे, पण मास्तरीणबाईंना तो नाही म्हणाला नाही. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून फिल्म भिजवली, घासली, तर कोणाच्या तरी फासळ्या वाहून गेल्या आणि खाली राहिला निळसर, स्वच्छ, कडक पापुद्रा. पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला.

अण्णाने वास घेतला. जिभेचं टोक लावलं. दोन बोटांत चोळून सोडला. कानाशी वाजवला. मी श्वास रोखून उभी, माझाच निकाल लागायचा असावा तशी.

"ह्येला वास न्हाय, चव न्हाय, धरत न्हाय. ह्यात ऱ्हाईल."

२५ ऑक्टोबर

आज पाकीट तयार झालं. फिल्म मधोमध दुमडून दोन कप्पे केले. एकात रुपया, दुसऱ्यात नावाची चिठ्ठी, म्हणजे कागद नाण्याला लागायला नको. दाभणाने भोकं पाडून कडेने दोरा ओवला. पहिलं पाकीट सैल झालं. अण्णाने हलवून ऐकलं आणि म्हणाला, "आत नाचतंय. नाचला की झिजला." दुसरं घट्ट झालं. तिसरं बेताचं. मग त्याने कोपऱ्यावर बोट टेकवलं, "ह्ये गोल कर, न्हायतर काढताना खरवडंल." नेलकटरने कोपरे गोल केले.

माझ्या हातून आजवर पुष्कळ गोष्टी झाल्या, पण एवढी नेटकी दुसरी आठवत नाही. हात माझे आणि नजर त्याची. नजर हाच शब्द मला बरोबर वाटतो.

संध्याकाळी वंदना झाल्यावर अण्णाने विचारलं, "तिकडं ती माणसं ह्यातनं काढून हातात घेणार?"

"कडेने धरून. तपासायला."

"आन् मग?"

"मग कडक डबीत बंद. कायमचा. डबी उघडली की मार्क रद्द."

"कायमचा," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "चांगलं हाय. सुरक्षित ऱ्हाईल."

कंपनीचा हा नियम त्याला फार आवडला असावा. बराच वेळ एकटाच अंगणात बसून होता.

२० डिसेंबर, रविवार

परशराम काल सांबऱ्याला विमानातून उतरला, आज घरी आला. त्याच्यासमोर रुपया पाकिटात घालायचा होता. अण्णा म्हणाला, "जरा येळ दे. मी बघून घेतो."

मी हातमोजे पुढे केले. वहिनीने माझ्या हातातून ते काढून घेतले आणि मला चक्क दंडाला धरून बाहेर आणलं. दार लोटलं. वहिनीने असं कधी केलेलं नाही. परशराम ओसरीवर चहा पीत होता म्हणून मी काही बोलले नाही.

आम्ही बाहेर बसलो. वहिनी लसूण सोलत होती. म्हणाली, "वन्सं, माजा हात धरून येक दीस त्यांनी इचारलं, नागू, तुज्या तोंडावर सुरकुत्या आल्या काय? मी म्हटलं, बघा की. तर तोंडावरनं हात फिरवला." आणि लाजली. या वयात काय एकेक सुचतं! मी म्हटलं, वहिनी, परशराम ऐकतोय.

दार उघडलं तेव्हा अण्णा रुपया कडेने, अगदी नियमाप्रमाणे, धरून बसला होता. स्वतःच पाकिटात सारला. एकदाही चुकला नाही. मी मऊ फडक्याने रुपया पुसावा म्हणत होते, तर म्हणाला, "पुसू नगंस. पुसल्यानंच मार्क जात्यात." असा शिस्तीचा माणूस!

परशराम गेल्यावर जेवला नाही. आनंदाने माझीही भूक गेली होती.

१७ जानेवारी १९८८

काही खबर नाही. अण्णा अलीकडे गप्प असतो. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत बसतो. संधिवाताची सुरुवात असेल. मिरजेच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

९ एप्रिल १९८८

आला! आला! आला!

परशरामचा एक मित्र कोल्हापूरला आला, त्याच्याबरोबर त्याने पाठवला. रुपया खरा. सत्तरपैकी चौसष्ट! चौसष्ट म्हणजे एक्क्याण्णव टक्के, डिस्टिंक्शन! बरोबर परशरामचं पत्र आहे. तिथल्या माणसांनी विचारलं म्हणे, हे पाकीट कोणत्या कंपनीचं? परशरामने सांगितलं, निपाणी.

मी दारात उभी राहून रडले. आईची आठवण झाली. हॉलमधल्या त्या माणसाचीही झाली, पण त्याला शिव्या द्यायचंसुद्धा मनात आलं नाही. माझा भाऊ बरोबर होता, आणि आता ते जगाने लिहून दिलं आहे.

आळीतली सगळी माणसं बघून गेली. चौदा तारखेला जयंती. समाजमंदिरात टेबल मांडून डबी ठेवायची, शेजारी भिंग, आणि वर अण्णाच्या नावाची पाटी: धर्मराज यांच्या संग्रहातून. मंडळाचे मारुतीराव स्वतः येऊन सांगून गेले.

अण्णाने डबी हातात घेतली. "छान हाय," म्हणाला. "गुळगुळीत हाय." मी लेबल मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं.

११ एप्रिल

लिहावं की नाही ते कळत नाही, पण इथे नाही तर कुठे लिहू?

सकाळी मी शेंगा निवडत होते. अण्णा खाटेवर डबी घेऊन बसला होता. दोन्ही अंगठे डबीवरून फिरत होते. या काठापासून त्या काठापर्यंत, परत उलटी करून. मग शांतपणे विचारलं, "शेवंते, राणी कुठल्या बाजूला हाय गं?"

"वरच्या," मी म्हटलं आणि निवडत राहिले.

मग माझे हात थांबले.

हा तो माणूस, ज्याला बाजारातल्या चिल्लरीतलं साल अंगठ्याने वाचता येतं. त्याला आपल्या आईच्या रुपयाची राणी कुठल्या बाजूला आहे हे मला विचारावं लागलं. त्याच्यासाठी त्या डबीत रुपया नव्हताच. प्लास्टिकचा एक तुकडा होता, आणि आत काय आहे ते मी सांगायचं, त्याने विश्वास ठेवायचा.

किती गोष्टी एकदम समोर आल्या. सदऱ्याचा आतला खिसा. घडी न मोडलेले मोजे. त्या दिवशी वहिनीने लोटलेलं दार. सगळं मीच लिहून ठेवलं आहे, मागची पानं उलटून बघितली. प्रत्येक ओळीत आहे. वहिनीने तर सरळ तोंडावर सांगितलं होतं, आणि मी तिला गप्प बसवलं.

मी त्याच्याकडे बघितलं. तो हसत होता, मला बरं वाटावं म्हणून. हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. कायमचा बंद होणार हे ठाऊक असून त्याने पाकिटाचा वास घेतला, कोपरे गोल करायला लावले, स्वतःच्या हाताने आत सारला. एवढ्या प्रेमाने परक्या घरी कोणी पोरगीसुद्धा पाठवत नाही.

आज शाळेत फळ्यावर समीकरण मांडलं आणि सोडवता आलं नाही. पोरांना खेळायला सोडलं.

१२ एप्रिल, मंगळवार

सकाळी वहिनीच्या चंचीतून अडकित्ता काढून घेतला. वहिनीने कशाला ते विचारलं नाही. डबी खाली दगडी पाट्यावर धरली आणि एका कोपऱ्यात अडकित्त्याचं पातं घालून दाबलं. लई चिवट. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा कट्ट करून फुटली.

अण्णा खाटेवरून दचकून उठला. "काय फुटलं?"

मी दुसरा कोपरा दाबला.

त्याला कळलं. भिंतीला धरत धरत आला, इतक्या घाईत की उंबऱ्याला ठेचकाळला. "शेवंते, येडी झालीस काय? मार्क जातील त्ये! परवा जयंतीला समदी माणसं बघाय येणार, मारुतीरावास्नी काय सांगशील?"

"सांगेन, रुपया घरी आहे."

"अगं, त्यासाठी वरीसभर राबलीस. पाकिटं शिवलीस. त्ये तुजं हुतं गं, शेवंते. मला कशाला पायजे हुतं? तुजं हुतं म्हणून पाठिवला मी."

इतकी वर्षं मी समजत होते की मी त्याच्यासाठी करते. मी म्हटलं, "ठाऊक आहे. आता मला नको."  चौसष्ट लिहिलेला तुकडा एका बाजूला पडला. रुपया पाट्यावर निसटून आला, एकदा वाजला आणि गोल फिरून आडवा झाला. अण्णाने मान तिकडे वळवली. ओतीव रुपया असा वाजत नाही.

मी तो उचलला आणि त्याच्या उघड्या तळहातावर ठेवला.

तो तिथेच जमिनीवर बसला. अंगठा राणीच्या मुकुटावरून उतरला, नाकापाशी थांबला, हनुवटीवरून गळ्यापर्यंत गेला. रुपया उलटा केला. फुलांच्या वेलीवरून सबंध एक फेरी मारली आणि सालावर येऊन टेकला. वहिनी चुलीपाशी उभी राहून पदराने तोंड पुसत होती. 

मग अण्णा म्हणाला, "तिकडनं लई गार होऊन आलाय गं."

मी म्हटलं, "मुठीत धर मग."